दर्या आणि दऱ्या

काटेवाले चाचांइतका कमी शिकलेला विद्वान आणि त्यांच्याइतका तापदायक सज्जन मला अख्ख्या सौदीत दुसरा भेटला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे, तेव्हा लिहायलाही हरकत नाही.

आधी माझं सांगतो. माझे वडील चिऱ्याच्या खाणीत होते. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची; तेलाने तिची बोटं इतकी काळी पडलेली की शाळेच्या कागदावर अंगठा द्यायला शाई कशाला, असं मास्तर म्हणायचे. त्या घरातला मी पहिला बी.एस्सी. जेद्दाला अल अझीझियातल्या खोलीत मी पदवीची झेरॉक्स पलंगाच्या डोक्याशी चिकटवली होती. समोरच्या पलंगावर चाचा. गुहागरकडचे, दहावी आणि आयटीआय. ट्रक तोलायचे मोठे काटे दुरुस्त करत ते देशभर फिरायचे आणि मी त्यांचा मदतनीस. "काय ग्रॅज्युएट, पाना दे," अशी हाक आली की पदवी भिंतीवरून खाली उतरायची.

काट्याची पावती छापणारा प्रोग्रॅम दुरुस्त करता करता चाचा प्रोग्रॅमिंग शिकले आणि जगभरची माणसं मिळून जी मोफत सॉफ्टवेअरं लिहितात त्या कामात घुसले. ते सगळं काम ईमेलवर चाले. प्रवासात, गाडीत बसून पत्रं लिहून ठेवायची. गावात टेलिफोनची तार मिळाली की लॅपटॉपला जोडून एकदम सोडायची आणि आलेली उतरवून घ्यायची. केलेल्या बदलाला पॅच म्हणत, म्हणजे ठिगळ. एका पत्रात एकच ठिगळ. उत्तर देताना समोरच्याचं वाक्य आधी उतरवायचं, मग त्याच्या खाली आपलं. ही रीत चाचांच्या अंगात इतकी मुरली की ते बोलायचेही तसंच. मी विचारावं, चहा घेणार का? ते म्हणणार, "तू विचारलंस चहा घेणार का." मग थांबणार. मग, "हो." घरी बायकोला पत्र लिहायचे तेही एका पत्रात एकच विषय. छप्पर गळतंय आणि धाकटी पास झाली असं तिने एकत्र लिहिलं, तर वेगवेगळं करून पुन्हा पाठव, असं यांनी कळवलं. त्यानंतर चाचींनी दीड महिना कुठलाच विषय पाठवला नाही.

आईला मात्र ते मनापासून लिहीत. गुहागरच्या सायबर कॅफेत पुतण्या मेल छापून घेई आणि वाचून दाखवी. तिथल्या कॉम्प्युटरवर मराठी छापणारं, त्यांतलंच एक मोफत सॉफ्टवेअर चाचांनीच सुट्टीत हौसेने बसवून दिलेलं. एकदा त्यांनी लिहिलं, खमीस मुशैतला रोज दऱ्यांतून जातो, खाली बघवत नाही. छापून आलं, रोज दर्यांतून जातो. चाचांचे वडील मचव्यावर गेले ते परत आले नव्हते. पोटासाठी कुठेही जा पण दर्यावर जाऊ नको, असा शब्द आईने घेतला होता. मुलाने शब्द मोडला असं समजून म्हातारी दोन दिवस जेवली नाही. फोनवर चाचांनी शपथ घेतली तरी तिचं एकच, तुझ्याच हातचं लिहिलेलं आहे ना?

दोष त्या सॉफ्टवेअरचा. 'दऱ्या' लिहायला र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं चिन्ह घालावं लागे, आणि प्रोग्रॅम ते गिळून टाकायचा. चाचांनी सहा ओळींचं ठिगळ लिहून पाठवलं. खमीसला असताना त्या सॉफ्टवेअरच्या मुख्य माणसाचं उत्तर आलं: दोन्ही रूपं एकच तर आहेत, अर्थ बदलतो हे दाखवा आणि ठिगळ पुन्हा पाठवा, नाहीतर राहू दे. नवी आवृत्ती गुरुवारी, आपल्या संध्याकाळी सातला बंद, त्यानंतर बदल घेणार नाहीत. पुढची वर्षभराने. आणि आम्हाला गुरुवारपर्यंत गाठायचं होतं हफ्र अल बातिन, दोन दिवसांची वाट.

इंग्रजीचं काम माझं. मी गाडीत दोन पानं लिहिली, व्याकरणाच्या इतिहासासकट. चाचांनी सगळं खोडून चार ओळी ठेवल्या: हे दोन शब्द. एक समुद्र, दुसरा डोंगरामधली खोल जागा. तुमच्यात दोन्ही सारखे दिसतात. माझी आई दोन दिवस जेवली नाही. शेवटची ओळ तांत्रिक नाही, मी म्हटलं. "तू म्हणालास तांत्रिक नाही," चाचा म्हणाले. खाली उत्तर दिलंच नाही.

हफ्र अल बातिनला पोचलो तेव्हा मगरिबसाठी शटरं खाली येत होती. चाचा शांतपणे नमाजाला गेले. मी घड्याळ बघत गाडीत. कॅफे उघडला, पण मालक आमचा लॅपटॉप जोडू देईना, आणि तिथल्या वेबमेलवर लांब ओळी तुटतात, ठिगळ फाटतं. सहा पस्तीसला आम्ही ज्याच्या दुरुस्तीसाठी आलो होतो त्या काट्यावर पोचलो. तिथे तार एकच, फॅक्सची. मल्याळी कारकून रियाधच्या फॅक्सची वाट बघत होता. पाच मिनिटं दिली त्याने.

लाइन चारदा तुटली. ठिगळाचं पत्र गेलं, उत्तराचं अडकलं. तेवढ्यात कारकुनाचा मोबाइल वाजला, साहेब रियाधहून ओरडत होते. त्याने तारेला हात घातला.

"लाइन छोडो."

"आप बोले लाइन छोडो," चाचा म्हणाले, आणि थांबले. "दो मिनट."

तो तार ओढणार, तेव्हा मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हातारीची गोष्ट सांगून टाकली. समुद्र, शब्द, सगळं. त्याचा हात तारेवरच.

"मां अभी खाती है?" त्याने विचारलं.

"खाती है. मानती नहीं," चाचा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी कुणाचं वाक्य आधी उतरवलं नाही.

त्याने हात काढला. सात वाजायला आठ मिनिटं असताना पत्र गेलं.

शनिवारी एका ओळीचं उत्तर आलं: घेतलं, आभार. चाचांनी ते मला तीनदा वाचायला लावलं, मग बाहेर जाऊन काट्याच्या लोखंडी पाटावर उगाच उभे राहिले. नवी आवृत्ती त्यांनी स्वतः सुट्टीत जाऊन गुहागरला बसवली आणि जुनं पत्र पुन्हा छापून आईपुढे ठेवलं. पुतण्याने वाचलं. म्हातारी म्हणाली, मग दरीतून तरी सांभाळून जा.

आता ती नाही. चाचाही इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द करून कायमचे गावी गेले. त्यांच्या पलंगावर एक मितभाषी माणूस आहे; विचारलं की लगेच उत्तर देतो, त्याची मला अजून सवय झालेली नाही. दहावी शिकलेल्या माणसाचा सहा ओळींचा बदल जगभरच्या कॉम्प्युटरांत गेला, आणि आजवर कुणी तो काढलेला नाही.