फरशीला हत्ता

आमच्या घरी मूल पडलं की मार फरशीला बसतो. खराडीतल्या ऑफिसातून दमून यावं, तर दारातच ऐकू यायचं, "फरशीला हत्ता दे! माझ्या बाळाला लागलं ना!" सासूबाई फरशीवर चापट्या मारत असायच्या आणि माझा दोन वर्षांचा मुलगा रडणं विसरून त्यांच्यासोबत हात आपटत असायचा. फरशी ओली का राहिली, हे विचारायची सोय नव्हती. गुन्हेगार सापडला होता ना!

खुर्चीवरून पडला, खुर्चीला मार. दारात बोट चेमटलं, दाराला मार. दाराला काहीतरी अडकवून ठेवा म्हटलं, की सासूबाईंचं ठरलेलं उत्तर, "अगं, मी तीन पोरं वाढवली." नवरा त्या तिघांतला एक. त्याच्या हनुवटीवर टाक्यांची खूण आहे. मी ती दाखवली की तो दाढी खाजवत मोबाइलमध्ये बघतो.

इस्त्रीवरून तर मी रोज डोकं फोडून घेत होते. सासूबाई जमिनीवर चादर दुमडून त्यावर इस्त्री करतात.

"अहो आई, टेबलावर करा ना."

"मला उभ्याने जमत नाही."

नवऱ्याला म्हटलं, कपडे बाहेर देऊ. "तिला आवडतं गं."

त्या रविवारी मी स्वयंपाकघरात होते. फोन वाजला म्हणून सासूबाई तापलेली इस्त्री तशीच ठेवून उठल्या. किंकाळी ऐकून मी धावले, आणि पोहोचेपर्यंत दुसरी आली, पहिलीपेक्षा भयंकर. नवरा सोफ्यावरच होता, पण तो उठेपर्यंत सगळं झालं होतं. आधी नुसतं बोट लागलं होतं. मग बाळाने हात उगारला आणि शिकवल्याप्रमाणे इस्त्रीला सणसणीत हत्ता दिला. अख्खा तळवा भाजला.

"चटका बसल्यावर मूल हात मागे घेतं. तळवा कसा काय भाजला?" डॉक्टरांनी विचारलं. नवरा दाढी खाजवत मोबाइलमध्ये बघू लागला.

घरी आल्यावरही बाळ मुसमुसतच होतं. सासूबाईही रडत होत्या. त्यांनी त्याला कडेवर घेतलं, गार झालेल्या इस्त्रीपाशी नेलं आणि तिला चापट मारली, "दुष्ट इस्त्री! दे तिला हत्ता!"

मी ओरडणार, एवढ्यात बाळाने पट्टी बांधलेला उजवा हात छातीशी धरला आणि डावा उगारला.