पिशवीच्या तळाशी

चिवड्याचा डबा हातात आला की मी तो आधी परातीत पालथा करतो, ढवळतो आणि मगच बशीत घेतो. बायको म्हणते, "अहो, चिवडा आहे तो, नमुना नाही!" सगळे हसतात, मीही हसतो. पण वरचा चिवडा तसाच उचलणं मला जमत नाही. डबा हलला की दाणे आणि मीठ तळाला जातात, वर नुसते पोहे राहतात. नोकरीत मला हे पक्कं ठाऊक होतं. तरी एके दिवशी मी विसरल्यासारखं केलं.

रत्नागिरीत खतं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी नमुने तयार करायचो. दुकानांतून सीलबंद पिशव्या यायच्या. पिशवीतलं सगळं खत कागदावर ओतायचं, मिसळायचं, ढीग चपटा करून त्याचे चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकीचे बाजूला काढायचे. पुन्हा मिसळायचं, पुन्हा चार भाग. मूठभर उरलं की दळून बाटलीत भरायचं. त्या बाटलीतली चिमूटभर पूड सगळ्या गोण्यांचं खरंखोटं ठरवते.

लावणीच्या दिवसांत हे काम जिवावर यायचं. खत कागदावर पडलं की ओल धरायचं, बोटांना चिकटायचं. टेबलावर पिशव्या साचलेल्या. त्यात लांज्याच्या एका दुकानातली मिश्रखताची पिशवी होती. मी तिचं तोंड उघडलं, वरचं खत चमच्याने काढलं आणि सरळ दळलं. ओल लागायला नको, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे कंटाळा आला होता.

अहवाल गेला : पालाश, म्हणजे पोटॅश, कमी; खत अप्रमाणित. त्यानंतर उरलेलं खत टाकायला गेलो, तर पिशवीच्या तळाशी तांबूस थर. पालाशचे बारीक दाणे गाडीत हादरे खात खाली बसले होते. मी इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवी कचऱ्यात रिकामी केली.

दुकानदार भेटायला आला. "साहेब, काही चूक नसेल ना झाली?"

"प्रयोगशाळा आहे ही. तुमच्या दुकानातला तराजू नव्हे."

त्याच्याकडे त्याच खताची दुसरी सीलबंद पिशवी होती, फेरतपासणी मागता आली असती. त्याने मागितली नाही. "तेही खरंच. लॅब कशाला खोटं बोलेल हो? चुलतभावानेच फसवलं मला," म्हणत तो उठला. माल भावाच्या हातखंब्याच्या गोदामातून आला होता. पुढे लांज्याकडच्या लोकांकडून कळलं, दोघांचा एकत्र गणपती वेगळा झाला.

निवृत्त झालो तरी ते डोक्यातून जाईना. पेपर वाचताना उठायचो, अंगणात जायचो, परत यायचो. बायको विचारायची, "काय हरवलंय?" शेवटी परवा लांज्याची एसटी धरली.

दुकानदार गल्ल्यावरच होता, केस पार पिकलेले. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळला, सोडला. मग अर्धं शटर ओढलं आणि म्हणाला, "हे मला सांगून काय होणार? हातखंब्याला चला. तिथे तुमच्या तोंडाने सांगा."

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. माझे पाय एका जागी राहत नव्हते.

भाऊ गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. आम्हाला पाहून उठला नाही. मी पुन्हा सगळं सांगितलं : चमचा, तांबूस थर, कचरा. तो माझ्याकडे पाहतच नव्हता, त्याची नजर दुकानदारावर होती.

"म्हणजे मेल्या, एवढी वर्षं तू माझ्यापेक्षा ह्यांच्या चमच्यावर विश्वास ठेवलास?"

दुकानदाराने मान खाली घातली. मी म्हणालो, "चूक माझी होती. ह्यांची नव्हे."

"तुमची होतीच. पण ह्याने मला एकदा तरी विचारायचं होतं."

दुकानदार एका गोणीवर टेकला. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते.

"तुम्ही निघा आता," भाऊ मला म्हणाला. "रत्नागिरीची गाडी येईल."

मी निघालो. नाक्यावर पोचेपर्यंत दोनदा वळून पाहिलं. दुकानदार अजून गोणीवरच बसलेला होता. त्याला भावाने जा म्हटलं नव्हतं.