हारुको आजींच्या वर्गाची हजेरी

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि बहरीनला आलो. मआमीरच्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम, राहायला माहूजमध्ये. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक जपानी इंजिनीअर राहतो. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात त्याची आई महिनाभर आली होती. हारुको आजी. हिरोशिमाच्या बॉम्बमधून लहानपणी वाचलेल्या. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे बोलायची अडचण नव्हती.

मी फौजेत मास्क चढवून अणुहल्ल्याचं ट्रेनिंग घेतलेला माणूस. रोज संध्याकाळी खाली बाकावर आमची जुंपायची.

"बॉम्ब आहे म्हणून शत्रू दबून आहे, आजी."

"मग तू मास्क कशाला घालायचास?"

आजी खुदकन हसायच्या. मी काही मत सोडायचो नाही.

दरवर्षी एका शुक्रवारी आम्ही मराठी माजी सैनिक बायकापोरांसह मुहर्रकच्या एका हॉलमध्ये जमतो. शहीद साथीदारांची हजेरी होते. एकेक नाव पुकारायचं, सगळ्यांनी उभं राहून 'हजर' म्हणायचं. मग जेवण. आजींनी विचारलं, "मला तिथे बोलू देशील?" त्या आठवड्यात त्या परतणार होत्या आणि या वयात पुन्हा येणं नव्हतं. मी शब्द देऊन बसलो.

आजी बोलणार हे कळताच आमचे सुभेदार मेजर साहेब दारातच आडवे आले.

"हवालदार, फौजींच्या स्टेजवर बॉम्बविरोधी भाषण? मफी. नाही म्हणजे नाही."

"साहेब, शब्द दिलाय."

"मला विचारून?"

"नाही, साहेब."

रत्नागिरीचे इक्बालभाई मटणाचं पातेलं उतरवत होते. ते म्हणाले, "म्हातारी पाहुणी हाय साहेब, बसूंदे की."

साहेबांनी हुकूम दिला, बसायचं, बोलायचं नाही. आजींना हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र शांतपणे जाऊन बसल्या.

हजेरी सुरू झाली.

"शिपाई दत्ता मोरे."

"हजर."

"नाईक बाळू खरात."

"हजर."

पोरांचा आवाज सगळ्यात मोठा. निम्मी पोरं 'प्रेझेंट' म्हणतात, चालतं. शेवटचं नाव झालं तसा आजींनी हात वर केला.

"साहेब, भाषण करत नाही. बॉम्बमध्ये गेलेल्या माझ्या वर्गाची हजेरी घेऊ?"

साहेबांनी हातातली यादी खाली ठेवली. आजी उभ्या राहिल्या.

"मिचिको."

पोरं साहेबांकडे बघायला लागली. मग साहेबच सावधानमध्ये आले.

"हजर." परेडवर देतात तसा खणखणीत.

"केंजी."

आता सगळा हॉल म्हणाला, "हजर."

नावामागून नाव येत गेलं. आजींचा आवाज चढत गेला. त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. इतकी वर्षं त्या ही नावं घेत आल्या होत्या, उत्तर पहिल्यांदाच मिळत होतं. माझा आनंद पोटात मावेना.

"हिरोशी."

"हजर."

"हासुद्धा तुमच्या वर्गातला?" साहेबांनी विचारलं.

"माझा धाकटा भाऊ. चार वर्षांचा. शाळेत नाव घालायचं राहून गेलं."

"आज घातलं," साहेब म्हणाले.

बॉम्बवरून आजींचं आणि माझं फोनवर अजून वाजतं. पण आमच्या हजेरीत हिरोशीचं नाव मी दरवर्षी पुकारतो, आणि आता तिथे सगळ्यात लहान तोच आहे.