आप्पांचं चार वाक्यांचं तमीळ

माझ्या वडिलांना तमीळ यायचं. चारच वाक्यं.

थांब. हात वर कर. खाली बस. घरी जा.

श्रीलंकेत यादवी पेटली होती तेव्हा आप्पांची पायदळाची बटालियन तिकडे गेली होती. मी तेव्हा आईच्या पोटात होते.

शांतता राखायला म्हणून गेले आणि लढतच बसले. "कोणाशी लढायचं ते दर आठवड्याला नव्याने सांगायचे," असं आप्पा म्हणायचे आणि हसायचे. कधीकधी हसायचे नाहीत. गेले होते तेवढे सगळे परत आले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आप्पा व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे बहरीनला आले. पँटी कमरेत सैल झालेल्या, म्हणून हूरा भागातल्या आमच्या बिल्डिंगखालच्या टेलरकडे नेलं.

सेल्वा मास्टर. श्रीलंकेतल्या जाफन्याकडचे तमीळ.

ते ऐकून आप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी आपलं सगळं तमीळ एका दमात म्हणून दाखवलं.

मास्टरांचे हात खरंच वर गेले. टेप हातातच.

मला वाटलं, झालं, खलास. पण दुसऱ्या दिवसापासून आप्पा रोज संध्याकाळी त्यांच्याच दुकानात. चहा, समोसा आणि दोघांचं मोडकंतोडकं हिंदी.

मास्टरांचा मोठा भाऊ त्याच काळात एकदा नाक्यावर गेला तो परत आलाच नाही. कोणी नेलं, कुणालाच माहीत नाही. त्या गावात तेव्हा ज्याच्या त्याच्या हातात बंदूक होती.

आप्पांना त्यांची बटालियन कुठे होती ते विचारलंत का, असं मी मास्टरांना एकदा विचारलं.

"मॅडम, पूछेगा तो वो बोलेगा. फिर चाय किसके साथ पियेगा?"

घरी येऊन आप्पांनाही छेडलं. ते म्हणाले, त्याच्या गावाचं नाव मी विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस.

आज आप्पांचं तेरावं. गावी भाऊ करतोय. मला लीव्ह मिळाली नाही, म्हणून इथे फ्लॅटमध्येच फोटो ठेवून दिवा लावला.

मास्टरांना निरोप दिला होता. येतील असं वाटलं नव्हतं. आले. पांढरा शर्ट घालून, फुलं घेऊन.

आणि फोटोसमोर थबकले.

मी मूर्खासारखा वर्दीतला फोटो लावला होता. त्याच काळातला, पीळदार मिशांचा. आमच्या घरात तो अभिमानाचा फोटो. माझ्या डोक्यातच आलं नाही.

मास्टर हात जोडायला उचलायचे आणि परत खाली घ्यायचे. मग अगदी हळू म्हणाले,

"मॅडम, दूसरा फोटो है? ये ड्रेस वाला नहीं."

मोबाईलमध्ये सापडला. त्यांच्याच दुकानात, स्टुलावर बसून बशीतून चहा पिणारे आप्पा. मोबाईल फुलांना टेकवून उभा केला.

तेव्हा त्यांनी हात जोडले. घरच्या माणसासारखे रडले. स्क्रीन सारखी विझत होती आणि मी बोट लावून ती चालू ठेवत होते.

मास्टर घरी गेल्यापासून मी दोन फोटोंसमोर बसून आहे. वर्दीतला काढवत नाही. ठेववतही नाही. मी नक्की कोणासाठी रडतेय, तेच कळेना झालंय.

आप्पा, तुम्ही दोघेही माझेच.

दोघांनाही नमस्कार करते.