तपासून घेतलेल्या बॅटऱ्या

खारी गावच्या दलालाने मला फसवलं. मी त्याला नाही.

बंद कारखान्यांचा माल घेऊन विकायचा धंदा मी शून्यातून उभा केला. काशीगावचा माझा गाळा हातचा जाणार होता आणि तो वाचवील असा एकच सौदा उरला होता. दलालाने थर्मल बॅटऱ्या आणल्या. मुठीएवढे स्टीलचे बंद डबे, वर पिनांच्या दोन जोड्या. मीटर लावला तर शून्य. मी चिडलो. त्याने बारीक पिनांना साधा सेल टेकवला. आत फुस्स झालं आणि जाड पिनांवर लावलेल्या मीटरचा काटा उडाला.

एका नमुन्यावर मी माल घेत नाही. भाव पाडला होता, त्याची दलालीही कापली होती. आता प्रत्येक डबा माझ्यासमोर चालला पाहिजे, म्हणालो आणि स्वतःच सेल टेकवत सुटलो. प्रत्येक वेळी काटा उडाला. डबे इतके तापले की पकडीने उचलून फरशीवर ठेवावे लागले. काय ताकद आहे, असं वाटलं मला. तो चहा पीत पुढचा डबा माझ्या हातात देत होता.

माल बघायला ग्राहकाकडची इंजिनिअर मुलगी आली, तेव्हा एकही बॅटरी उठेना. तिने डबा उलटसुलट करून पाहिला.

"काका, सगळ्या पेटवल्यात?"

मग तिने समजावलं. आतलं मीठ घट्ट असतं तोवर वीज वाहत नाही, म्हणून ही बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. ठिणगी पडली की लोखंडाच्या भुकटीच्या चकत्या पेटतात, मीठ वितळतं, वीज सुरू होते. थोड्या वेळात सगळं थिजतं. चकत्या जळून गेलेल्या असतात, त्यामुळे पुन्हा काही नाही.

ती गेल्यावरही मी सेल टेकवत बसलो. बोटं काळी झाली. एक तरी उठेल, एवढंच डोक्यात. शेवटी दलालाला फोन करून तोंडाला येईल ते बोललो. त्याने ऐकून घेतलं.

"शेठ, तुमी मना बोलू दिला कवा? दलाली कापली, वर बोलला गप बस."

गाळ्याला आता दुसऱ्याचं कुलूप आहे. गप बस म्हणालो असेन, पण आंधळा हो म्हणालो नव्हतो. पहिला डबा संपलेला ठाऊक असताना तो दुसरा माझ्या हातात का देत गेला? समोर येऊन एवढं सांगावं त्याने.