आईच्या आवाजाची दुसरी कॉपी

माझा राग वाईट. शाळेत होतो तेव्हापासून वाईट, आणि तो मी आईकडून घेतला हे आमच्या अकोल्याच्या गल्लीत कुणालाही विचारा. आईचा आवाज असा की तिनं घरातून हाक मारली की चौकातला पानठेलेवालाच मला घरी हाकलायचा. हातही जड. उलथन्यानं, चपलेनं, जे सापडेल त्यानं तिनं आम्हा दोघा भावांना बदडलं, आणि तोंडानं त्याच्या दुप्पट.

त्याच आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण बोलणं जाईल. ऑपरेशनला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत आम्ही तिला मोबाइलसमोर बसवलं आणि बोलतं केलं. आधी लाजली, मग जी सुटली बाप्पा! ठेच्यात लसूण किती, भातकुली गावात तिच्या माहेरी कोण कुणाशी का बोलत नाही, नातवंडांची नावं एकेक करून, आणि अधूनमधून आम्हाला शिव्या. 'मेल्या, मुडद्या, ते चालू हाय का बंद?' हे तर एका फाइलीत अगदी स्वच्छ ऐकू यायचं.

ऑपरेशन झालं, आवाज गेला आणि श्वासासाठी आईच्या गळ्यात नळी बसली. धाकट्यानं सगळ्या फाइली घरच्या कम्प्युटरवर घेतल्या आणि मोबाइल रिकामे केले. आई त्याच्याकडे अकोल्यात, मी नोकरीपायी अमरावतीला. एक कॉपी त्यानं बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढली आणि ती डिस्क ठेवली कुठं, तर त्याच कम्प्युटरच्या डोक्यावर. मी त्याला शंभरदा सांगितलं की दोन्ही एकाच टेबलावर ठेवून काय उपयोग. मला मोबाइलवर पाठव म्हटलं तर आईचा आवाज ग्रुपात फिरवायचा नाही म्हणाला. मीही दोन वर्षं 'पुढच्या खेपेला घेतो' म्हणत राहिलो. अकोल्याला गेलो की खोलीचं दार लावायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि तासभर रडायचं, हा माझा नेम. बाहेर आई वाती वळत बसलेली असायची.

दसऱ्याच्या आधी धाकट्याचा फोन आला की कम्प्युटर आतून टकटक करून राहिला. मी लगेच नवी डिस्क घेतली आणि दसऱ्याच्या सकाळी पहिल्या एसटीनं अकोला गाठलं. संध्याकाळी परतायचं होतं, दुसऱ्या दिवशी ड्यूटी.

पाहतो तर कम्प्युटर पुसून-बिसून पाटावर. त्याला हळदकुंकू, झेंडूचा हार. वर डिस्क, तिलाही कुंकवाचं बोट. आमचे बाबा सुतार. दसऱ्याला करवत, रंधा, पटाशी पुजायचे आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कुणी हात लावायचा नाही. बाबा गेले, हत्यारं गेली. धाकटा घरीच टायपिंगची कामं करतो, म्हणून आता पाटावर त्याचं हे हत्यार.

"आज पूजेत हाय, आज चालू नाई करत," धाकटा म्हणाला. "उद्या घेजो."

मी म्हटलं, उद्यापर्यंत ते मेलं तर? मी हार ओढून काढला आणि डिस्क उचलली. त्यानं माझं मनगट धरलं. मी ढकललं. मग तो जे बोलला ते खरं होतं, म्हणूनच मला सहन झालं नाही.

"तिच्या गळ्यातली नळी रोज मी साफ करतो. तू येतो अन् हेडफोन लावून बसतो."

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं डोकं माझ्या नाकावर हाणलं. मी त्याचे केस धरून त्याला दाराच्या चौकटीवर आदळलं, एकदा नाही, दोनदा. त्यानं पूजेचा तांब्या माझ्या भुवईवर मारला. डोळ्यात रक्त उतरलं आणि मला काही दिसेना. मी पाटाला लाथ घातली, कम्प्युटर फरशीवर उलथला, आणि मी कम्प्युटरच तुडवत सुटलो. आतली डिस्क फुटून वायरी बाहेर येईपर्यंत तुडवला. कॉपी माझ्या मुठीत होती ना! म्हणून तर एवढी मस्ती. हातात दुसरी कॉपी असली की माणूस पहिलीवर किती सहज पाय देतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आई स्वयंपाकघरातून आली. पुरण वाटत होती, हात पिवळे. तिनं आम्हाला पाहिलं आणि तोंड उघडलं. काहीच आलं नाही, नळीतून नुसती हवा. पूर्वी एका हाकेत आम्ही गार व्हायचो. तिनं माझी मूठ उघडली आणि डिस्क घेतली. मला वाटलं, कपाटात ठेवायला नेते. मीही दिली, शहाण्यासारखी.

तिनं ती पाट्यावर ठेवली, पुरणातच, आणि वरवंटा हाणला. मी धावलो, तिचा हात धरला, तर तिनं डाव्या हातानं माझ्या रक्ताळलेल्या तोंडावर फाडकन दिली. परत वरवंटा. परत. धाकटा "आई, नोको व!" म्हणत तिच्या पायाशी बसला. आतली चकती काचेची निघाली. तिचा चुरा पुरणात मिसळला तेव्हाच ती थांबली. पुढं मी दोन्हींचे तुकडे अमरावतीत कम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात नेले. दुकानदारानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि पिशवी परत दिली.

त्या दिवशी मी आईवर ओरडलो. म्हटलं, काहून केलं हे? तो तुहाच आवाज होता, आता कुठून आणू? ती धापा टाकत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान तिनं टर्रकन फाडलं, मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि माझ्या छातीवर दाबलं.

'मी मेली नाई अजून.'

मला तिचा राग आजही येतो, खोटं कशाला बोलू. तो आवाज मला हवा होता. पण तेव्हा आई खाली बसली, तिच्या नळीत कफ दाटला होता, आणि धाकट्याचा उजवा हात सुजून वर होईना. त्यानं मला हात साबणानं धुवायला लावले. मग आतली नळी कशी फिरवून काढायची, ते तो सांगत गेला आणि मी करत गेलो. आईनं मान वर करून धरली होती. ऑपरेशनला दोन वर्षं झाली होती, आणि तिच्या गळ्यातलं ते भोक मी पहिल्यांदा पाहत होतो.