अबू राशिदची सही

ऑफिसच्या फायली वर्षअखेर श्रेडरमध्ये जातात. किस्से मात्र कुठेच जात नाहीत, साचत राहतात. म्हटलं, तुम्हाला सांगून थोडी जागा करावी!

दुबईपलीकडे, खोर फक्कानच्या डोंगराकडे आमचं छोटंसं ऑफिस आहे. शेतांची माती तपासायची, विहिरींचं पाणी राखायचं, हे आमचं काम. माणसं तीनच. वसईचा सावियो इंजिनियर. रत्नागिरीचे इक्बालभाई गाडी चालवतात आणि अरबी बोलतात. मी फायली, फोन आणि चहा बघते.

माझी बहीण चिपळूणहून फोनवर विचारते, "अगं, वाळवंटात माती नाही, पाणी नाही. तुम्ही दिवसभर करता काय?"

हिला काय सांगू, असं मी सावियोला विचारलं.

"सांगा ताई, दोन्ही असतं तर ऑफिस कशाला लागलं असतं!"

*

एकदा खिडकीत मातीची पिशवी दिसली. वाटलं, तपासून उरलेली असेल. मी ती कुंडीत ओतली आणि तुळस लावली. बर दुबईच्या देवळाजवळून मुद्दाम आणलेली तुळस!

संध्याकाळी इक्बालभाई ओरडले, "ताई, अबू राशिदच्या शेताचं सँपल कुठाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आठ दिवसांत तुळसच मेली. पानं कडेने करपून गेली.

सावियोने कुंडीकडे पाहिलं. "मीठ! नव्या सँपलचा लॅबमध्ये अजून नंबर लागला नाही, आणि ताईंचा रिपोर्ट आला पण!"

*

अबू राशिद म्हणजे सत्तरीचे आजोबा. त्यांच्या वडिलांनी लावलेली खजुराची बाग आहे. रोज पाट सोडून ते ती तुडुंब भरायचे, आणि उपसून उपसून विहीर खारी होत चालली होती. ठिबक बसवलं नाही तर बाग जाणार, हे नक्की. पाइप आमचे, फक्त त्यांची सही हवी होती.

सावियो समजवायला गेला. आधी अरबी कॉफी आली, त्याच विहिरीच्या पाण्याची.

"कशी आहे?" आजोबांनी विचारलं.

वसईचा माणूस पाहुणचाराला नावं ठेवील का? म्हणाला, "फर्स्ट क्लास!"

"मग खलास! पाणी चांगलं आहे."

इक्बालभाई परतताना रस्ताभर हसत होते.

*

पुढे महिनाभर मागे लागल्यावर आजोबांनी एका ओळीला ठिबक लावू दिलं. सावियो आणि इक्बालभाई आठवड्याने जाऊन बघतात तर ठिबक चालू, आणि शेजारून पाटही चालू!

"हबीबी," आजोबा म्हणाले, "ही माझ्या वडिलांची झाडं आहेत. थेंब थेंब पाणी तर भिकाऱ्यालासुद्धा कोणी देत नाही!"

इक्बालभाईंनी सरळ गाडी काढली. ऑफिसात येऊन म्हणाले, "ताई, आता तुम्हीच चला. घरात बायकांशी बोलून बघा."

*

मी गेले. आजोबांच्या बायकोला सगळे उम्म राशिद म्हणतात. त्यांना हिंदी छान येते. त्यांनी मला जवळ बसवलं, खजूर पुढे केला आणि विचारलं, "ये पाइप अपने आप चलेगा?"

"हां, टायमर है. किसी को खडा नहीं रहना पडेगा," मी उत्साहाने सांगितलं.

"मतलब बुड्ढा बगीचे में नहीं जाएगा?"

"बिलकुल नहीं! पूरा आराम!"

त्यांनी कपाळावर हात मारला. "सुबह से शाम तक मेरे सिर पर बैठेगा! साइन मत करो, ये मैंने ही बोला था!"

मला ती विहीर दिसत होती. घाईघाईत तोंडातून निघून गेलं, "हमारे ऑफिस में भेज दो!"

उम्म राशिद ताडकन उठल्या. मग अंगणाकडे तोंड करून त्यांनी नवऱ्याला जोरात हाक मारली. पाच मिनिटांत सही झाली.

आता सगळ्या बागेला ठिबक आहे. विहीर गोड झालेली नाही, पण आणखी खारीही होत नाही, असं सावियो म्हणतो.

आणि रोज सकाळी मी कुलूप उघडायला जाते, तेव्हा आजोबा दाराशी घड्याळ बघत उभे असतात.

"इतका उशीर? यल्ला, चला! आज कोणाचं शेत?"